अमेरिकेत शिक्षणाचा खर्च: कर्ज काढायच्या आधी ग्रँट, कंपनीचे पैसे आणि स्कूल व्हाउचर कसे बघायचे

इथे येऊन एक-दोन वर्षं झाली, घरभाडं, गाडी, इन्शुरन्स सगळं मार्गी लागलं की घरात शिक्षणाच्या खर्चाचा विषय निघतोच, कुणाला स्वतःला मास्टर्स करायचं असतं, कुणाच्या बायकोला इथली डिग्री हवी असते म्हणजे नोकरी शोधता येईल, कुणाची मुलगी अकरावीत असते आणि कॉलेजच्या साइटवरचा वर्षाचा आकडा बघून आईबाबांची झोप उडालेली असते. आणि पहिला विचार येतो लोनचा, कारण भारतात आपण एज्युकेशन लोन हाच रस्ता बघितलेला असतो. माझं म्हणणं असं की लोन सगळ्यात शेवटी. त्याच्या आधी इथे तीन प्रकारचे पैसे आहेत जे परत करायचे नसतात: सरकारची आणि कॉलेजची ग्रँट, नोकरी देणाऱ्या कंपनीची ट्यूशनची मदत, आणि शाळकरी मुलांसाठी काही राज्यांत खाजगी शाळेच्या फीला मिळणारी सरकारी व्हाउचर्स. पण या प्रत्येकाला अटी आहेत आणि अट मोडली की तेच पैसे वसुलीची नोटीस होऊन घरी येतात, म्हणून खाली पैसे कसे मिळवायचे हे सांगताना ते परत कधी मागतात हेही प्रत्येक ठिकाणी लिहितेय. तो भाग सोडून वाचू नका.

पहिली पायरी: कोण शिकणार आहे आणि त्याचं स्टेटस काय

हे आधी बघा, नाहीतर नको तिथे महिनाभर फॉर्म भरत बसाल. फेडरल ग्रँट, म्हणजे केंद्र सरकारची, ती मिळते अमेरिकन सिटिझनला, ग्रीन कार्डवाल्याला, आणि रेफ्युजी किंवा असायलम मिळालेल्या अशा काही ठरलेल्या गटांना. एच-वन-बी (नोकरीचा व्हिसा), एच-फोर (त्याच्या जोडीदाराचा आणि मुलांचा), एफ-वन (विद्यार्थ्याचा), यापैकी कुणालाही फेडरल ग्रँट मिळत नाही. ग्रीन कार्डचा अर्ज लायनीत आहे, आय-१४० (कंपनीने ग्रीन कार्डसाठी भरलेला अर्ज) मंजूर आहे, तरीही नाही, कार्ड हातात यावं लागतं.

पण इथे एक गोष्ट फार लोक चुकीची समजतात. बघायचं असतं ते विद्यार्थ्याचं स्टेटस, आईबाबांचं नाही. तुम्ही दोघं अजून एच-वन-बी आणि एच-फोरवर असाल आणि तुमची मुलगी इथे जन्मलेली असेल तर ती सिटिझन आहे, तिचा फॉर्म भरता येतो आणि तुमच्या व्हिसामुळे तिचा हक्क कमी होत नाही. आईकडे सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तरी अडत नाही, २०२४-२५ च्या फॉर्मपासून नंबर नसलेल्या पालकांनाही स्वतःचं ऑनलाइन खातं उघडता येतं.

उलट मुलगा लहानपणी तुमच्याबरोबर एच-फोरवर आला, इथेच वाढला, शाळेत पहिला आला, तरी त्याला फेडरल पैसे नाहीत. हे ऐकायला वाईट वाटतं पण दहावीतच कळलेलं बरं, म्हणजे पुढची आखणी वेगळी करता येते. अशा मुलांनी तीन ठिकाणी बघायचं, एक म्हणजे राज्याची इन-स्टेट फी, म्हणजे तिथल्या रहिवाशांना असलेली कमी फी, मिळते का (बऱ्याच राज्यांत एच-फोरवाल्यांना राहण्याची अट पूर्ण केली की मिळते, पण नियम राज्यागणिक वेगळा), दुसरं म्हणजे कॉलेज स्वतःच्या तिजोरीतून नॉन-सिटिझनना मदत देतं का, आणि तिसरं कम्युनिटी कॉलेजमध्ये (स्थानिक, कमी फीचं सरकारी कॉलेज) दोन वर्षं करून मग चार वर्षांच्या कॉलेजात ट्रान्सफर. आणि २१ वर्षं पूर्ण झाली की एच-फोर संपतो, ती तारीख कॉलेजच्या मध्ये कुठे येते ते कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवा.

एच-फोरवर असलेल्या बायकोला किंवा नवऱ्याला शिकता येतं, अगदी फुल टाइमसुद्धा, त्यासाठी एफ-वन करायलाच पाहिजे असं नाही. पैसे मात्र वर सांगितले तसे राज्याची फी, कॉलेजची स्कॉलरशिप आणि कम्युनिटी कॉलेज याच रस्त्याने.

दुसरी पायरी: फाफ्सा

ज्यांचं स्टेटस बसतं त्यांच्यासाठी सगळ्याची सुरुवात एका फॉर्मपासून होते, सरकारी मदतीचा हा अर्ज, त्याला सगळे फाफ्साच म्हणतात. स्टुडंटएड डॉट गव्ह या सरकारी साइटवर तो फुकट भरायचा असतो. कुणी तो भरून द्यायचे पैसे मागत असेल, किंवा "स्कॉलरशिप गॅरंटीड" म्हणून प्रोसेसिंग फी मागत असेल, तर तिथून निघा. शाळेतला काउन्सेलर आणि कॉलेजचं फायनान्शियल एड ऑफिस फुकट मदत करतं, तेच त्यांचं काम आहे.

फॉर्म दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत उघडतो, पुढच्या शैक्षणिक वर्षासाठी. सरकारची शेवटची तारीख खूप लांब असते, त्या शैक्षणिक वर्षाच्या शेवटच्या ३० जूनपर्यंत, आणि त्या तारखेवर विसंबून लोक निवांत बसतात. तसं करू नका, कारण राज्यांच्या आणि कॉलेजांच्या तारखा खूप आधीच्या असतात, कॅलिफोर्नियाच्या कॅल ग्रँटची नेहमीची तारीख २ मार्च, आणि काही पैसे तर असे आहेत की कॉलेजकडे ठरावीक रक्कम येते आणि ती संपली की संपली. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच भरून टाका. आणि दरवर्षी नव्याने भरायचा असतो, एकदा भरला की चार वर्षं चालतो असं नाही.

भरायच्या आधी विद्यार्थ्याचं एक आणि पालकाचं एक असं वेगळं खातं उघडा, एकाच ईमेलवर दोघांचं उघडलंत तर अडकाल. मग आयआरएसकडून, म्हणजे इथल्या टॅक्स खात्याकडून, तुमची टॅक्सची माहिती थेट घ्यायला परवानगी विचारतात, ती द्यावीच लागते, नाही दिलीत तर फेडरल मदत मिळतच नाही, अगदी तुम्ही इथे टॅक्स भरला नसलात तरी संमती हवीच. उत्पन्न बघतात ते दोन वर्षं आधीचं, म्हणजे २०२६-२७ च्या फॉर्मला २०२४ चं उत्पन्न. आता त्या वर्षी तुम्ही भारतातच असाल तर तिथलं उत्पन्न डॉलरमध्ये बदलून स्वतः लिहावं लागतं, त्यासाठी भारतातला रिटर्न, फॉर्म १६ हे कागद जपून ठेवा, कॉलेज मागून पडताळणीला मागवू शकतं.

मालमत्तेचा प्रश्न आपल्या लोकांना नेमका इथे अडतो. तुम्ही राहता ते घर मोजत नाहीत, फोर-ओ-वन-के सारखे रिटायरमेंटचे पैसेही मोजत नाहीत. पण तुमच्या नावावर भारतात दुसरा फ्लॅट असेल, भाड्याने दिलेला असो की बंद पडलेला, किंवा प्लॉट असेल, तिथल्या बँकेत एफडी असेल, तर ते जगात कुठेही असलं तरी मालमत्तेतच धरतात. "तिकडचं इकडे कोण बघतंय" असा सल्ला देणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका, फॉर्मवर खोटी माहिती देणं हा फेडरल गुन्हा आहे आणि ग्रीन कार्डवर असताना तर हा धोका अजिबात पत्करू नये.

फॉर्म गेला की एक आकडा येतो, स्टुडंट एड इंडेक्स, त्याला एसएआय म्हणतात. तो जितका कमी तितकी गरज जास्त, तो उणे १,५०० पर्यंत खाली जाऊ शकतो. त्या आकड्यावरून पेल ग्रँट ठरते. र्‍होड आयलंडचे सिनेटर क्लेबॉर्न पेल यांच्या नावाने ही ग्रँट ओळखली जाते, मूळ योजना १९७२ ची. २०२५-२६ मध्ये जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर मिळत होते. पहिल्या बॅचलर डिग्रीपर्यंतच मिळते, म्हणजे तुमच्याकडे पुणे विद्यापीठाची बीकॉम असेल आणि तुम्ही ग्रीन कार्डवर इथे दुसरं बॅचलर करायला निघालात तर पेल नाही, भारतातली बॅचलर डिग्रीही डिग्रीच धरतात. मास्टर्सला नाही. एकूण १२ सेमिस्टरएवढीच आयुष्यभरात मिळते त्यामुळे मधे मधे सोडून परत सुरू करताना हिशोब ठेवा.

२०२५ च्या जुलैमध्ये झालेल्या नव्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून पेलचे पैसे छोट्या कोर्सलाही वापरता येतील अशी सोय केलीय, किमान ८ पण १५ पेक्षा कमी आठवड्यांचे नोकरीला उपयोगी कोर्स, राज्याने मान्य केलेले. नर्सिंग असिस्टंट, वेल्डिंग, ट्रक चालवण्याचं लायसन्स, या जातीचे. कॉलेजच्या चार वर्षांच्या फंदात न पडता लवकर कमावायला लागायचं असेल त्यांनी आपल्या राज्यात कुठले कोर्स मान्य झालेत ते कम्युनिटी कॉलेजला फोन करून विचारा.

पेलशिवाय एफएसईओजी म्हणून एक असते, खूप गरज असलेल्यांना वर्षाला १०० ते ४,००० डॉलर, हीच ती जी कॉलेजकडचे पैसे संपले की संपते. आणि राज्याच्या वेगळ्या असतात, न्यूयॉर्कची टॅप, जॉर्जियाची होप जी लॉटरीच्या पैशातून १९९३ पासून चालते आणि मार्कांवर मिळते, इलिनॉयची मॅप. तुमच्या राज्याच्या उच्च शिक्षण खात्याची साइट एकदा शांतपणे वाचा, बहुतेक राज्यांना तोच फाफ्सा लागतो, काहींना वर एक छोटा फॉर्म.

मोठी खाजगी कॉलेजं सीएसएस प्रोफाइल नावाचा आणखी एक फॉर्म मागतात, तो खूप खोलात जातो, घराची किंमतसुद्धा विचारतो. त्याला फी असते पण वर्षाचं उत्पन्न १ लाख डॉलरपर्यंत असलेल्या कुटुंबांना बॅचलरसाठी माफ आहे. आणि आयटीतल्या चांगल्या पगाराच्या लोकांना माझं सांगणं, "आपल्याला काय मिळणार" म्हणून फॉर्मच न भरणं चूक आहे, पेल मिळणार नाही हे खरं पण काही कॉलेजं स्वतःची मदत देताना आधी फाफ्सा भरलेला लागतो असं सांगतात. आधी प्रत्येक कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, कायद्यानेच ठेवावा लागतो, त्यात आपले आकडे टाकून बघा, वरची छापील फी आणि प्रत्यक्ष पडणारी फी यात खूप फरक असू शकतो.

तिसरी पायरी: कॉलेजचं पत्र नीट वाचणं

ॲडमिशनबरोबर मदतीचं पत्र येतं आणि त्यात मोठ्या अक्षरात "एकूण मदत" असा आकडा असतो. त्या आकड्याने हुरळून जाऊ नका. त्यात ग्रँट, स्कॉलरशिप, वर्क-स्टडी आणि लोन सगळं एकत्र मिसळलेलं असतं, एखाद्या दुकानाने उधारीलाच सवलत म्हणावं तसं. एक कागद घ्या, वर पूर्ण वर्षाचा खर्च लिहा, नुसती ट्यूशन नाही, राहणं जेवण पुस्तकं प्रवास आणि हेल्थ इन्शुरन्ससकट, आणि त्यातून फक्त ग्रँट आणि स्कॉलरशिप वजा करा. जे उरलं तो तुमचा खर्च. वर्क-स्टडी म्हणजे कॅम्पसवर काम करून कमवायचे पैसे, ते कमावल्यावर मिळतात, फी भरायच्या दिवशी हातात नसतात. दोन कॉलेजांची तुलना याच उरलेल्या आकड्यावर करायची.

आणखी दोन प्रश्न लेखी विचारा, ही ग्रँट चारही वर्षं आहे का आणि त्यासाठी किती जीपीए (४ पैकी मार्कांची सरासरी) लागतो, आणि बाहेरून, समजा एखाद्या मंडळाकडून किंवा फाउंडेशनकडून स्कॉलरशिप आणली तर तुम्ही तुमची ग्रँट तेवढी कापता का. काही कॉलेजं कापतात. मग मुलीने निबंध लिहून लिहून मिळवलेल्या पैशाचा उपयोगच होत नाही.

आता परत कधी मागतात ते बघू. सेमिस्टर सुरू झाल्यावर ६० टक्के काळ व्हायच्या आधी सगळेच विषय सोडून दिले तर फेडरल पैशाचा काही भाग कॉलेजला सरकारकडे परत पाठवावा लागतो, आणि कॉलेज तो विद्यार्थ्याच्या नावावर बिल म्हणून लावतं, ते भरेपर्यंत पुढच्या सेमिस्टरला नाव नोंदवू देत नाहीत असं बऱ्याच ठिकाणी होतं. म्हणून आजारपण, घरी भारतात कुणाचं काही झालं, असं असेल तर आपला आपण विषय ड्रॉप करण्याआधी एड ऑफिसला जाऊन तारीख विचारायची, कधीकधी आठवडाभर थांबल्याने शेकडो डॉलर वाचतात. मार्कांचीही अट असते, साधारणपणे २.० जीपीए आणि घेतलेल्या क्रेडिटपैकी दोन तृतीयांश पास, खाली गेलं की मदत थांबते.

टीच ग्रँट ही त्यातली सगळ्यात सांभाळून घ्यायची. शिक्षक व्हायचं असेल तर वर्षाला ४,००० डॉलरपर्यंत देतात, पण शिक्षण झाल्यावर ८ वर्षांच्या आत ४ वर्षं गरीब वस्तीतल्या शाळेत, टंचाई असलेला विषय शिकवायचा, आणि ते नाही केलं तर सगळी ग्रँट लोन होते, व्याज अगदी पहिल्या दिवसापासूनचं. ज्याला खरंच शिकवायचंय त्याने जरूर घ्यावी, "बघू पुढे" म्हणणाऱ्याने घेऊ नये. न्यूयॉर्कच्या एक्सेल्सियर स्कॉलरशिपलाही अशीच अट, जितकी वर्षं घेतली तितकी वर्षं नंतर न्यूयॉर्क राज्यातच राहायचं आणि नोकरी केली तर तिथेच करायची, नाहीतर लोन.

ले-ऑफ झाला तर

हे वेगळं लिहितेय कारण आपल्या घरांमध्ये हे फार होतंय आणि लोक लाजेने कुणाला सांगत नाहीत. फाफ्साला दोन वर्षं आधीचा पगार दिसतो, आज तो पगार नाहीये, तर कॉलेजच्या एड ऑफिसला पत्र लिहून आकडे नव्याने बघायला सांगता येतं. कायद्याने त्यांना तो अधिकार आहे, त्याला प्रोफेशनल जजमेंट म्हणतात. नोकरी गेली, घटस्फोट झाला, आजारपणाचा मोठा खर्च झाला, हे सगळं त्यात येतं. पत्र एक पानाचं, काय झालं कुठल्या तारखेला, आता महिन्याला घरात किती येतंय, आणि सोबत टर्मिनेशन लेटर, अनएम्प्लॉयमेंटचे कागद, बिलं. भावनेच्या चार परिच्छेदांपेक्षा दोन कागद जास्त काम करतात. प्रत्येक कॉलेज स्वतंत्र निर्णय घेतं, एकाने नाही म्हटलं म्हणून दुसऱ्याला विचारायचं सोडू नका.

चौथी पायरी: कंपनीचे पैसे

हा भाग एच-वन-बीवाल्यांनाही उपयोगी आहे, कारण इथे स्टेटस आडवं येत नाही, तुम्ही कर्मचारी आहात एवढं पुरतं (नोकरी चालू ठेवून जोडीला शिकता येतं, डिग्रीसुद्धा करता येते). टॅक्स कायद्याच्या कलम १२७ खाली कंपनी तुमच्या शिक्षणावर वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत देऊ शकते आणि त्यावर तुम्हाला टॅक्स नाही. हा आकडा १९८६ पासून तसाच होता, २०२५ च्या कायद्याने तो २०२६ नंतर महागाईप्रमाणे वाढणार असं ठरलंय. त्याच रकमेतून कंपनी तुमच्या जुन्या स्टुडंट लोनचा हप्ताही भरू शकते, ही सोय २०२० मध्ये तात्पुरती आली होती, ती आता कायम झाली.

कंपनीने द्यायलाच पाहिजे असं काही नाही, त्यामुळे आधी एचआरकडून लेखी पॉलिसी मागवा. तोंडी "हो हो देतो आपण" यावर ॲडमिशन घेऊ नका. पॉलिसीत काय वाचायचं ते सांगते. नोकरी लागल्यावर किती दिवसांनी हक्क सुरू होतो. कोर्स आधी मंजूर करून घ्यावा लागतो का, बहुतेक ठिकाणी लागतो आणि नंतर मागितलं तर देत नाहीत. पैसे आधी देतात की ग्रेड आल्यावर, आणि कुठला ग्रेड लागतो, काही ठिकाणी सी चालतो काही ठिकाणी बीच हवा. कामाशी संबंधित कोर्सच चालतो का. कायदा तशी सक्ती करत नाही पण कंपनी स्वतःची अट घालू शकते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पैसे घेतल्यावर किती महिने नोकरी सोडायची नाही.

ही शेवटची अट म्हणजे क्लॉबॅक. बऱ्याच कंपन्यांत एक किंवा दोन वर्षं असते, मधे सोडलं तर पैसे परत, कधीकधी शेवटच्या पगारातून कापतात. तुम्ही नोकरी बदलायच्या बेतात असाल तर आधी हे बघा, आणि नवीन कंपनीशी बोलताना हे पैसे तुम्ही भराल का असं विचारायला काही हरकत नाही, बोनसच्या बोलण्यात ते बसवता येतं. ले-ऑफ झाला तर परत मागतात का आणि चालू सेमिस्टरचे पैसे देतात का, हेही पॉलिसीत शोधा, नसेल तर ईमेलवर विचारून उत्तर जपून ठेवा. एच-वन-बीवर नोकरी गेली तर पुढचं ठरवायला जास्तीत जास्त ६० दिवस असतात, त्या धांदलीत फीचा वाद नको.

ग्रेड आल्यावर पैसे मिळणार असतील तर मधले चार-पाच महिने पैसे कुठून आणायचे हा प्रश्न येतो. कॉलेजच्या बर्सर ऑफिसला (फी घेणाऱ्या खात्याला) विचारा, काही कॉलेजांत कंपनी पैसे देणार असं पत्र दिलं की फी सेमिस्टरच्या शेवटापर्यंत पुढे ढकलतात. क्रेडिट कार्डावर टाकून बसण्यापेक्षा हे शंभर पट बरं.

५,२५० ही मर्यादा कॅलेंडर वर्षाची आहे, जानेवारी ते डिसेंबर, आणि उरलेली पुढच्या वर्षी नेता येत नाही. म्हणून मास्टर्स घाईघाईत एका वर्षात कोंबण्यापेक्षा तीन कॅलेंडर वर्षांत पसरलं तर टॅक्सशिवायची रक्कम तिप्पट होते, आणि डिसेंबरचं एक बिल आणि जानेवारीचं एक बिल असं कंपनीकडून येत असेल तर ते दोन वेगळ्या वर्षांत धरलं जातं. वर जे मिळेल ते सहसा पगार धरून डब्ल्यू-टूमध्ये (कंपनी देते त्या वर्षाच्या पगाराच्या टॅक्स फॉर्ममध्ये) येतं. आणि ही मदत फक्त कर्मचाऱ्याला, बायकोच्या किंवा मुलांच्या कॉलेजला कलम १२७ लागू होत नाही.

पण बायको-मुलांसाठी एक वेगळा रस्ता आहे जो आपल्याकडे फार कुणी बोलत नाही. विद्यापीठात नोकरी. प्रोफेसरच पाहिजे असं नाही, तिथल्या आयटीत, अकाउंट्समध्ये, लायब्ररीत, लॅबमध्ये. बरीच विद्यापीठं आपल्या कर्मचाऱ्यांच्या जोडीदाराला आणि मुलांना फीत मोठी सूट देतात आणि बॅचलरच्या शिक्षणासाठी ती सूट टॅक्स-फ्री असते. मुलं आठवी-नववीत असतील आणि नोकरी बदलायचा विचार असेल तर पगार थोडा कमी असला तरी दोन मुलांची चार-चार वर्षं धरून हिशोब करून बघा, मी तर म्हणेन ऑफर नाकारायच्या आधी कराच.

ऑफिसची नोकरी नाही, दुकानात किंवा वेअरहाउसमध्ये तासावर काम आहे, त्यांनाही आहे. स्टारबक्स २०१४ पासून ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीबरोबर पहिल्या बॅचलरची ऑनलाइन डिग्री करून देतं, पार्ट-टाइमवाल्यांनाही. वॉलमार्टची लिव्ह बेटर यू, ॲमेझॉनचं करिअर चॉइस, यांत कॉलेजची किंवा कोर्सची यादी ठरलेली असते आणि पैसे बऱ्याचदा थेट कॉलेजला जातात, आपल्या खिशातून आधी घालावे लागत नाहीत. नवीन ग्रीन कार्डवर आलेल्या किंवा वर्क परमिट मिळालेल्या, भारतातल्या डिग्रीला इथे विचारत नाहीत म्हणून दुकानात लागलेल्या कितीतरी बायका आहेत, त्यांनी पहिल्याच आठवड्यात मॅनेजरला विचारावं की शिक्षणाचा बेनिफिट कधीपासून सुरू होतो, आणि भारतातली बॅचलर असेल तर सर्टिफिकेट कोर्स कुठले मिळतात तेही, कारण काही ठिकाणी पहिल्या डिग्रीची अट असते.

पाचवी पायरी: शाळेची व्हाउचर्स

ही बारावीपर्यंतची गोष्ट आहे, कॉलेजची नाही. सरकार आपल्या मुलावर पब्लिक, म्हणजे सरकारी, शाळेत जो खर्च करतं त्यातला काही भाग तुम्हाला खाजगी शाळेसाठी देतं, अशी ही कल्पना. आधुनिक काळातली पहिली योजना मिल्वॉकीत १९९० मध्ये सुरू झाली, २००२ मध्ये सुप्रीम कोर्टाने क्लीव्हलँडच्या केसमध्ये धार्मिक शाळांनाही हे पैसे चालतात असं सांगितलं, आणि गेल्या काही वर्षांत बरीच राज्यं यात उतरली.

तीन प्रकार असतात. व्हाउचर म्हणजे पैसे थेट शाळेच्या फीला. ईएसए म्हणजे तुमच्या नावावर एक खातं, त्यातून फी, ट्यूटर, पुस्तकं, थेरपी असं मान्य यादीतलं काहीही. आणि तिसरा प्रकार म्हणजे लोकांच्या देणग्यांतून चालणाऱ्या संस्था स्कॉलरशिप देतात आणि देणाऱ्यांना टॅक्समध्ये सूट.

सगळं तुमच्या पत्त्यावर अवलंबून. ॲरिझोनात २०२२ पासून सगळ्याच मुलांना ईएसए, बहुतेकांना वर्षाला साधारण ७,००० ते ८,००० डॉलर. फ्लोरिडात २०२३ पासून उत्पन्नाची अट काढली. टेक्ससने २०२५ मध्ये कायदा केला, पहिलं वर्ष २०२६-२७, त्यासाठी १ अब्ज डॉलर, खाजगी शाळेला साधारण १०,००० च्या वर आणि घरी शिकवणाऱ्यांना २,००० पर्यंत, अर्ज जास्त आले की प्राधान्यक्रम आणि लॉटरी. कॅलिफोर्नियात काही नाही, तिथल्या मतदारांनी १९९३ आणि २००० मध्ये दोनदा नाकारलं, मिशिगनमध्येही २००० मध्ये नाकारलं, न्यू जर्सीतही नाही. म्हणजे आपली मंडळी जिथे जास्त राहतात त्यातल्या काही ठिकाणी हा विषयच नाही. तिकडच्यांनी मॅग्नेट शाळा (एखाद्या विषयावर भर देणाऱ्या पब्लिक शाळा), चार्टर शाळा (सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या) बघाव्यात, दोन्ही फुकट.

अर्ज करताना क्रम असा ठेवा: राज्याच्या शिक्षण खात्याच्या साइटवर योजना आणि अर्जाची मुदत, मग त्या योजनेत भाग घेणाऱ्या शाळांची यादी, मग शाळेला भेट आणि मुलाची ॲडमिशन मिळते का. पैसे मंजूर झाले म्हणजे शाळा घेईलच असं नाही, खाजगी शाळा परीक्षा घेऊन, मुलाखत घेऊन नाही म्हणू शकते. राहण्याचा पुरावा म्हणून लीज, वीजबिल, आणि मुलाचं बर्थ सर्टिफिकेट तयार ठेवा. मुलाच्या इमिग्रेशन स्टेटसची अट काही योजनांत असते, पब्लिक शाळेला मात्र स्टेटस आडवं येत नाही, १९८२ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे तसा.

मग हिशोब. शाळेची फी १४,००० आणि व्हाउचर ७,५०० तर ६,५०० तुमचे, आणि त्यात युनिफॉर्म, जेवण, बसचे पैसे धरलेले नाहीत, पिवळी बस नसेल तर रोज सकाळ-दुपार कोण नेणार आणणार हाही खर्चच आहे. शाळा पुढच्या वर्षी फी वाढवणार का हे विचारा. तुम्ही चांगल्या पब्लिक शाळेसाठीच जास्त भाडं भरून त्या भागात राहत असाल तर व्हाउचर घेणं मला पटत नाही, आधीच पैसे मोजलेत त्या शाळेचे. पण शाळा खरंच वाईट असेल, मुलाला त्रास होत असेल, तर जरूर बघावं.

ज्यांच्या मुलाचा आयईपी (विशेष गरज असलेल्या मुलासाठी शाळेने केलेला लेखी आराखडा) आहे त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचा. ऑटिझम असो, डिस्लेक्सिया असो, पब्लिक शाळेत फेडरल कायद्याने त्या मुलाला त्याच्या गरजेप्रमाणे शिक्षण आणि थेरपी फुकट मिळण्याचा वैयक्तिक हक्क असतो. व्हाउचर घेऊन तुम्ही स्वतःहून खाजगी शाळेत घातलंत की तो हक्क सहसा राहत नाही, परत पब्लिक शाळेत आलात की परत मिळतो. काही राज्यं अशा मुलांना जास्त रक्कम देतात, टेक्ससमध्ये ३०,००० डॉलरपर्यंत, त्यामुळे घेऊ नका असं मी म्हणत नाही, पण स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपी आत्ता आठवड्याला किती तास मिळते, ती बाहेर विकत घेतली तर किती पडेल, आणि ती खाजगी शाळा लेखी काय देणार, हे तिन्ही आकडे समोर ठेवल्याशिवाय सही करू नका.

ईएसएच्या खात्यातून केलेल्या प्रत्येक खर्चाची पावती ठेवा. यादीत नसलेल्या गोष्टीवर खर्च केला तर पैसे परत भरावे लागतात आणि खातं बंदही होऊ शकतं. घर बदलून दुसऱ्या राज्यात गेलात की योजना तिथेच संपते, वर्षाच्या मधे बदलीची शक्यता असेल तर शाळेच्या करारात मधेच सोडल्यास किती फी भरावी लागते ते वाचा. आणि कोर्टकचेऱ्या चालू असतात, ओहायोत २०२५ च्या जूनमध्ये एका न्यायाधीशाने तिथलं एडचॉइस व्हाउचर घटनाबाह्य ठरवलं पण अपिलाचा निकाल लागेपर्यंत चालू ठेवलं, म्हणून जवळच्या पब्लिक शाळेची माहिती हाताशी असू द्या.

२०२७ पासून केंद्राची एक नवी योजना येतेय, शाळेच्या स्कॉलरशिप देणाऱ्या संस्थांना देणगी दिली तर १,७०० डॉलरपर्यंत थेट टॅक्स क्रेडिट (म्हणजे भरायच्या टॅक्समधूनच तेवढी रक्कम वजा), आणि त्या पैशातून मुलांना स्कॉलरशिप. राज्याने सहभागी व्हायचं ठरवलं तरच तिथल्या मुलांना मिळेल. उत्पन्नाची मर्यादा तुमच्या भागातल्या मध्यम उत्पन्नाच्या तिप्पट आहे, म्हणजे बरीच घरं बसतील.

शेवटची पायरी: टॅक्स भरताना

ग्रँट ट्यूशन, सक्तीच्या फी आणि पुस्तकांवर गेली तर टॅक्स नाही, राहण्या-जेवणावर गेली तर तो भाग उत्पन्न धरतात. कॉलेजकडून जानेवारीत १०९८-टी (फीची माहिती देणारा टॅक्सचा फॉर्म) येतो तो सांभाळा. स्वतःच्या खिशातून भरलेल्या फीवर अमेरिकन अपॉर्च्युनिटी क्रेडिट मिळतं, बॅचलरच्या चार वर्षांसाठी दर वर्षी दर विद्यार्थी २,५०० डॉलरपर्यंत, मास्टर्स किंवा एखाददुसऱ्या कोर्सला लाइफटाइम लर्निंग क्रेडिट, घरटी २,००० पर्यंत, दोन्हींना उत्पन्नाची मर्यादा आहे. एकाच खर्चावर दोनदा फायदा घेता येत नाही, जी फी कंपनीने टॅक्स-फ्री भरली ती क्रेडिटला धरायची नाही. म्हणून प्रत्येक सेमिस्टरच्या बिलावरच लिहून ठेवा, यातले ग्रँटचे किती, कंपनीचे किती, आपले किती, आणि ते कागद एका फाइलमध्ये रिटर्न भरल्यापासून निदान तीन वर्षं ठेवा.